प्रवासी : दोन

भाचीचा पाय मोडला, शस्त्रक्रिया ठरली, आणि तिचा नवरा जहाजावर. तेव्हा आत्या बॅग भरून त्या शहरात दाखल झाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण येऊ नकोस म्हणण्याची छाती कुणाची नव्हती.

आत्याची सगळी नोकरी वजनमापे तपासण्यात गेली होती. तराजूचा काटा केसभर ढळलेला असला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि मग दुकानदाराची खैर नसे. तिने लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी हळहळलं तर ती म्हणे, मी एकटी पुरून उरते. ऐकणाऱ्याला ते लगेच पटायचं.

भाचीच्या घरापासून रुग्णालय नदीपलीकडे होतं. मध्ये ट्राम. तिकीट खिडकी कुठे नाहीच. पाहुण्यांसाठी एक निळं कार्ड मिळे, ते फाटकाच्या खांबावर टेकवायचं की काचेच्या झडपा उघडत. वर बसवलेला डोळा आत जाणारी माणसं मोजी आणि तेवढं भाडं कार्डातून वळतं होई. अख्ख्या कुटुंबाला एक कार्ड पुरतं, असं भाचीने कौतुकाने सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी आत्याने कार्ड टेकवलं. झडपा उघडल्या. खांबावर अक्षरं उमटली: प्रवासी, दोन.

तिने मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. पिशवीमुळे चुकलं असेल, असं समजून तिने दुसऱ्या दिवशी पिशवी छातीशी कवटाळली. दोन. मग छत्री घरी ठेवली, शाल काढून हातावर घेतली. तरीही दोन. तिच्या पुढचा गलेलठ्ठ माणूस दोन बॅगांसकट एकच मोजला गेला, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं.

ट्राममध्ये वेगळाच प्रकार. डबा खच्चून भरलेला असायचा, पण तिच्या शेजारच्या जागेवर कुणी बसत नसे. एकदा काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. आत्याने सांगितलं, "बसा ना, जागा आहे."

त्यांनी त्या जागेकडे पाहिलं आणि संकोचून हसले. "राहू दे. त्यांना कशाला उठवायचं?"

त्या दिवशी रुग्णालयात गेल्यावर तिने पाहिलं, खाटेजवळ परिचारिकेने दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आत्याने एक उचलून बाहेर नेऊन ठेवली. भाचीने काय झालं विचारलं, तर म्हणाली, काही नाही, पायात येत होती.

रात्री भाचीच्या घरात एकटी झोपताना तिला भीती वाटली का? वाटली असणार. पण भीती वाटली की तिला आधी राग येई, आणि राग आला की ती सरळ संबंधित अधिकाऱ्याला गाठी. सकाळी आंघोळ उरकून ती स्थानकातल्या तक्रार खिडकीपुढे जाऊन उभी राहिली.

खिडकीतला कारकून तरुण होता, झोप न झाल्यासारखा. त्याने कार्ड घेतलं, वरच्या डोळ्याने टिपलेलं चित्र काढलं आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने आत्याकडे पाहिलं, आणि मग आत्याच्या खांद्यामागे.

"यात तुम्ही दोघी आहात," तो म्हणाला.

आत्याने पडदा स्वतःकडे वळवून घेतला. चित्र वरून घेतलेलं होतं. राखाडी केसांची दोन डोकी, एकाच बाजूला पाडलेला भांग, दोघींच्या हातावर तीच शाल. मागची पुढचीच्या इतकी जवळ होती की टाचेवर पाय पडावा. पुढची खाली मान घालून चालली होती. मागची मान वर करून थेट डोळ्यात पाहत होती.

आत्याने पडदा परत त्याच्याकडे वळवला. आवाज पडू दिला नाही. यंत्र बिघडलंय, ती म्हणाली, असली यंत्रं तिने जप्त केलेली आहेत. ती एकटी आली, एकटीच जाणार, आणि भाडं एकटीचंच देणार. हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त झालं पाहिजे.

कारकुनाने आवाज खाली आणला. "दुरुस्त करायचं तर कार्डावर एकच ठेवावी लागेल."

"तेच तर सांगतेय."

"कोणती?"

"जी खरी असेल ती," आत्या म्हणाली. "असले प्रश्न काय विचारता?"

त्याने आणखी एकदा तिच्या खांद्यामागे पाहिलं. मग मान हलवली आणि कळ दाबली.

आत्या ताठ मानेने फाटकाकडे गेली. आज भाचीला घरी सोडणार होते, दुपारच्या आत कागद उरकायचे होते. तिने कार्ड टेकवलं. झडपा उघडल्या.

खांबावर उमटलं: प्रवासी, एक.

जिंकल्यासारखं हसून तिने पाऊल उचललं. तिच्या बाहीला काहीतरी घासून पुढे गेलं. झडपा तिच्या तोंडावर मिटल्या.

तिने पुन्हा कार्ड टेकवलं. प्रवासी आत गेला आहे, असं खांब म्हणाला. तिने झडपांवर हात आपटले. मागची माणसं बाजूच्या फाटकांतून आत जात राहिली. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. पलीकडे ट्राम आली आणि गेली.

ती खिडकीपाशी परतली. अर्धा तास कारकून तिच्या मागच्या माणसांशीच बोलत राहिला.

मग तिने चालत पूल ओलांडायचं ठरवलं. कुणाच्या बापाला ती घाबरणार नव्हती. निघण्याआधी, उशीर होईल हे कळवावं म्हणून तिने भाचीला फोन लावला.

"हॅलो, कोण?" भाची म्हणाली. मागे खाट सरकवल्याचा आवाज येत होता.

"मी आत्या. कागदांवर सही करू नकोस. मी येईपर्यंत कुठेही जाऊ नकोस."

 भाची परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाली, "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. आत्या इथेच आहे, माझ्या चपला घालतेय मला."

आत्याने फोन घट्ट धरला.

"दे तिला," ती म्हणाली. "मला तिच्याशीच बोलायचंय."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात जाताना भाचीचा आवाज लांबून ऐकू आला.

"आत्या, तुझ्यासाठी आहे. कुणी बाई आहेत. फार एकट्या वाटतात गं."