राखीव संच

शनिवारचं जेवण आटोपल्यावर प्रद्युम्नने टेबलावर सांडलेली आमटी पुसली आणि तिथे बोटीवरून बोलायचे रेडिओ मांडले. बोटीत कायमचा बसवायचा एक मोठा संच, हातात मावणारे दोन छोटे, आणि पाण्यात पडलेल्या माणसाचा ठावठिकाणा उपग्रहाला कळवणारी काडेपेटीएवढी डबी. मोठ्या संचाला वेगळी बॅटरी, म्हणजे बोटीची बसली तरी हा बोलता राहील. एश्बॉर्न गावातल्या ऑफिसात तो लोकांच्या सर्व्हरना बॅकअप सुचवायचा, त्यामुळे चौदा रेडिओंची तुलना करणारी एक्सेल शीट त्याने केली यात नवल नव्हतं. हे सगळं दोन वर्षं उशिरा चाललं होतं, एवढंच. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

'ईप्सिता' ही सात मीटर लांबीची शिडाची बोट त्याच्या बायकोच्या, मालविकाच्या थोरल्या भावाची. चारुदत्तदादा ती बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर हायलिगेनहाफेनला ठेवत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका शनिवारी ते एकटेच बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी फेमार्न बेटाच्या पूर्वेला बोट वाहत जाताना सापडली, बॅटरी पार बसलेली. दादा सापडले नाहीत.

आता प्रद्युम्नच्या मुलीने, अनन्याने, बोट चालवायचा परवाना काढला होता आणि तिला मामाचीच बोट हवी होती. मालविका म्हणाली, नेऊ दे, दादाची बोट बांधल्या जागी सडायला नको. प्रद्युम्नने एकच अट घातली, की रेडिओ तो निवडेल. सकाळी कार्ल्सरूहेला कॉलेजला परत जाताना अनन्याने खोक्यांची चळत पाहून "बाबा, डास राइश्ट" म्हटलं होतं, म्हणजे पुरे आता. तिचंही बरोबर होतं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकूनच पितो, आणि याचं तोंड किती पोळलं होतं ते घरात कोणाला माहीत नव्हतं.

दादा विसराळू होते. चष्मा, किल्ल्या, फोन, काहीही हरवायचे. फोन सापडेना की दुसऱ्या फोनवरून रिंग द्यायचे आणि कान देऊन घरभर उशा उचलत फिरायचे. बोटीवरही तीच तऱ्हा. हातातल्या रेडिओला स्वतःचा नंबर असतो आणि मोठ्या संचावरून त्या नंबरला हाक दिली की तो वाजतो. दादा भर बंदरात त्याला रिंग देऊन गाद्यांखाली शोधत बसत, आणि शेजारच्या बोटीवरचे म्हातारे गृहस्थ मान हलवून हसत.

त्या अपघाताच्या आठवडाभर आधी प्रद्युम्नने तो छोटा रेडिओ घरी आणला होता. त्याचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, नीट करून पुढच्या रविवारी ठेवू, असा चोख माणसाचा चोख विचार. दादांना सांगायचं राहून गेलं.

त्या शनिवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला तो रेडिओ वाजला. पडद्यावर ईप्सिताचा नंबर होता. प्रद्युम्नची ऑनलाइन मीटिंग चालू होती. त्याने रेडिओ बंद केला.

या रेडिओची हाक समुद्रावर चार-पाच मैल जाते, फार तर दहा. हायलिगेनहाफेन इथून साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे तो यंत्राचाच बिघाड, असं त्याने तेव्हा ठरवलं आणि पुढे रोज स्वतःला सांगितलं. पण सापडलेल्या बोटीत प्रत्येक गादी उचललेली होती, प्रत्येक कप्प्याचं झाकण उघडं होतं. पाण्यावरच्या पोलिसांनी विचारलं, ते काही शोधत होते का? प्रद्युम्न म्हणाला, कल्पना नाही. बॅटरी शेवटच्या घटका मोजत असताना दादांनी मदतीचं लाल बटण दाबायला हवं होतं. पण एवढ्या-तेवढ्यासाठी परक्यांना कशाला त्रास, असा तो माणूस. आधी राखीव संच हाताशी असू दे, असं त्यांच्या मनात आलं असणार.

घरी आल्यावर प्रद्युम्नने तो रेडिओ जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळला आणि इमारतीच्या तळघरात, केलरमधल्या आपल्या खोलीत, मोठ्या बॅगेमागे ठेवून दिला. मालविकाला अवाक्षर बोलला नाही. सांगायचं तर पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. नंतर रोज ते थोडं थोडं अवघड होत गेलं.

त्याने एका नव्या रेडिओत बॅटरी बसवली. पडद्यावर सूचना आली, या संचाला अजून नंबर दिलेला नाही, कृपया भरा. नंबर लिहिलेला कागद शोधायला तो वळला.

रेडिओ वाजू लागला.

नंबर नसलेल्या संचाला कोणी हाक देऊ शकत नाही. पडद्यावर हाक देणाऱ्याचे नऊ आकडे होते. ते त्याला तोंडपाठ होते. दोन वर्षांपूर्वी त्यानेच अर्ज करून तो नंबर रद्द करून घेतला होता.

भिंतीवरच्या घड्याळात दोन दहा झाले होते.

अंगठा सवयीने बंद करायच्या बटणावर गेला. तिथेच थांबला. मग त्याने हाक घेतली.

आधी नुसती खरखर. मग लाकडी झाकण उघडल्याचा आवाज, मिटल्याचा आवाज. दुसरं झाकण. काहीतरी मऊ, जड, बाजूला फेकलं गेलं. पुन्हा झाकण. घाई नव्हती. नेहमी वस्तू हरवणारा माणूस शोधतो तसं, एकामागून एक.

प्रद्युम्नला रडू फुटलं. त्याने बोलायचं बटण दाबलं.

"दादा, तो तिथे नाहीये. मी घरी आणला होता. तुम्हाला सांगायचं राहिलं. वाजला तेव्हा मीच बंद केला."

पलीकडचा आवाज थांबला.

त्याने मान वर केली. बेडरूमच्या दारात मालविका उभी होती, हातात घडी घालायचे कपडे. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

रेडिओचा पडदा विझला.

स्वयंपाकघरात डब्यांच्या कपाटाचं दार उघडलं, आणि मिटलं. मग त्याच्या शेजारचं. मग चमच्यांचा खण.

घरात ते दोघंच होते.

मालविकाने कपडे खुर्चीवर ठेवले. तिचा चेहरा थकलेला होता, पण त्यावर आश्चर्य नव्हतं. तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि लहानपणापासून ज्या आवाजात त्यांना वस्तू शोधून दिल्या असतील, त्याच आवाजात म्हणाली,

"दादा, इथे नको शोधूस. खाली केलरमध्ये आहे. मोठ्या बॅगेमागे, टॉवेलात."

खण मिटला.

प्रद्युम्न तिच्याकडे बघत राहिला. बाहेरच्या दाराखालच्या फटीत उजेड पडला. जिन्यातला दिवा कोणी समोरून गेलं की आपोआप लागतो.

दाराशेजारच्या खुंटीवर केलरची किल्ली नव्हती.