फळीवरचे चार बिल्ले

सोमवारी सकाळी आठला फौजदारांचा फोन आला. जुन्या दगडखाणीत औषधवाले मरून पडलेले सापडले होते.

"शक्यच नाही," सिस्टर म्हणाल्या. "काल चारही बिल्ले मोजूनच मी कुलूप लावलं."

पलीकडून फौजदार नुसतं 'बरं, बरं' म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ न कळायला सिस्टर दूधखुळ्या नव्हत्या. म्हातारीचं लक्ष नसणार, असंच त्यांना वाटलं असणार.

दर रविवारी ही चार माणसं रानवाटेनं पायी फिरायला जात. पुढे सर, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मध्ये गावातले एकुलते एक औषधवाले आणि घड्याळं दुरुस्त करणारा, सिस्टरांचा सख्खा धाकटा भाऊ. शेवटी सिस्टर, कारण तीस वर्षं वॉर्डातल्या खाटा मोजलेल्या बाईवर सगळ्यांचा भरवसा. वाटेच्या तोंडाशी पत्र्याची खोली होती. दाराबाहेर एक फळी, फळीवर चार खिळे, खिळ्यांवर नंबर कोरलेले पितळी बिल्ले. निघताना आपला बिल्ला खिशात टाकायचा, परतल्यावर खिळ्याला अडकवायचा. एखादा खिळा रिकामा दिसला तर कुणी घरी जायचं नाही, शोधायला निघायचं. नियम सरांचा, आणि नियमांच्या बाबतीत सर कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

काल चारही खिळे भरलेले होते. औषधवाले दिसले नाहीत, पण निरोप न घेता सटकायची त्यांची सवय जुनी. घरी वाट बघणारंही कुणी नव्हतं. सगळे आपापल्या घरी गेले.

सिस्टर खाणीत उतरल्या तेव्हा डॉक्टर हात पुसत होते. पाय मोडलेला. जीव थंडीनं गेला, तोही पहाटे कधीतरी. म्हणजे एक खिळा रिकामा असता तर माणूस वाचला असता.  मग जुन्या सवयीनं सिस्टर नीट बघू लागल्या. काल चार ते पाच पावसाची एकच सर पडून गेली होती. आजूबाजूची गळलेली पानं अजून ओली होती, पण प्रेत उचललं तेव्हा पाठीखालची पानं कुरकुरीत कोरडी निघाली. पिशवी हाताला लागणार नाही इतकी लांब पडली होती. हवालदारानं ती झटकली. पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, त्यात चष्मा, आणि खोळीत घडी घातलेला निळा रेनकोट. घडीत उन्हाळ्यातली वाळकी कुसळं तशीच होती.

दुपारी पत्र्याच्या खोलीत जबाब सुरू झाले.

"तुमचं आणि त्यांचं वाकडं होतं म्हणे?" फौजदारांनी सरांना विचारलं.

"दर रविवारी! ते खाणीच्या कडेची जवळची वाट धरायचे, मी ओरडायचो. काल तर ह्या घड्याळवाल्यालाही बरोबर नेलं."

"परत कधी आलात?"

"सव्वाचारला. फळीवर पहिला बिल्ला माझा. मग आत चहाला स्टोव्ह पेटवत बसलो."

फौजदार भावाकडे वळले. "आणि तुम्ही?"

"औषधवाले माझ्या पुढे होते. पाऊस लागला तसा निळा रेनकोट चढवून झपाझप सुटले. मी पोचलो तर बिल्ला लावून परत फिरत होते. चष्मा वाटेत राहिला म्हणाले."

"मग झालं तर. परत गेले, अंधारात घसरले. अपघात."

"ताई, चल घरी," भाऊ हळूच म्हणाला. "तुझी काही चूक नाही." तीन वर्षांपूर्वी औषधाची रिअ‍ॅक्शन येऊन त्याची बायको गेली. तेव्हापासून इतक्या मऊ आवाजात तो फक्त बहिणीशीच बोलायचा.

सिस्टर उठल्या नाहीत. त्यांना रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

"फौजदारसाहेब, पाठीखाली पानं कोरडी होती. म्हणजे पाऊस पडायच्या आधीच ते तिथे पडले होते. ते परत आलेच नाहीत. पावसात चालणाऱ्याचा रेनकोट भिजतो. ह्यांच्या रेनकोटाची घडीसुद्धा मोडलेली नाही. आणि चष्मा पिशवीत होता." त्या भावाकडे वळल्या. "सरांनी त्यांना पाहिलं असं म्हटलंच नाही. तू म्हटलंस. बिल्ला त्यांच्या खिशात होता. तो तुझ्या हातात कसा आला रे?"

भाऊ बुटांकडे बघत बोलू लागला.

"मी ढकललं नाही. बोलता बोलता पाय सरकला त्यांचा. मी खाली उतरलो. फोन लागत नव्हता. म्हटलं, बिल्ला द्या, सरांना दाखवला की धावत येतील. त्यांनीच काढून दिला. 'लवकर ये,' म्हणाले."

"आणि तू तो खिळ्याला अडकवलास."

"पडायच्या आधी काय सांगत होते ते विचार ना! रिअ‍ॅक्शन नव्हती म्हणाले. बाटलीच चुकीची दिली होती. तीन वर्षं छातीवर दगड होता, आता सहन होत नाही. आणि म्हणाले, सिस्टरांना सगळं ठाऊक आहे, त्यांनी सांभाळून घेतलं."

सर खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. फौजदार सिस्टरांकडे बघत होते.

नाकारायला काहीच अडचण नव्हती. सांगणारा मेलेला होता.

"बाटली मीच पाहिली," सिस्टर म्हणाल्या. "माझ्यासमोर ढसाढसा रडले ते. गावात एकच दुकान, ते बंद पडलं तर लोकांनी जायचं कुठे? मी लेबल फाडून टाकलं. तुझ्या बायकोच्या कागदावर मी रिअ‍ॅक्शन लिहायला लावली."



"रात्रभर बसून होतो मी," भाऊ म्हणाला. "परत जाऊन काढावं त्यांना, असं दहादा वाटलं. नाही गेलो. पण ताई, सकाळपर्यंत मनात हेच होतं, की तुझ्याबद्दल तरी तो खोटं बोलला असेल."

सिस्टरांनी त्याचा हात धरायला हात पुढे केला. त्यानं आपले दोन्ही हात खिशात घातले. फौजदारांनी वहीचं नवं पान काढलं, आणि आधी कुणाचा जबाब लिहायचा ते त्यांना कळेना.