पाचवी डिस्क

हार्डडिस्क ज्या कार्डाला जोडतात ते निवडताना मी घाई करत नाही. डिस्क कितीही चांगल्या असोत, लिनक्सनं कार्ड ओळखलं नाही तर त्या असून नसल्यासारख्या.

कुरुळीत उद्धवरावांचं प्रेस शॉप आहे, पत्रा दाबून पार्ट बनवायचं. प्रेसवरचा कॅमेरा प्रत्येक पार्टचा फोटो काढतो आणि तो सर्व्हरवर साठतो. लिनक्सवर चालणाऱ्या त्या सर्व्हरचं कार्ड जळालं होतं.

मी आणलेलं कार्ड त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "स्वरूपाताई, नवं मॉडेल सोडून ह्ये जुनं कशापायी?"

"नव्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, फक्त विंडोजसाठी मिळतो, काका. याचा लिनक्समध्येच आहे. दहा वर्षं लोक बिनघोर वापरतायत."

सकाळी अकराला कार्ड बसवलं. चार डिस्क जोडल्या.

स्क्रीनवरच्या यादीत पाच दिसल्या.

कार्डावरच्या पाचव्या जागी बोट घालून पाहिलं. वायर नव्हती. तरी ती डिस्क उघडली. आत याच प्रेसचे फोटो होते, आजच्याच तारखेचे. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. फोटोंवर अकरा पस्तीस, अकरा चाळीस. कॅमेऱ्याची वेळ तपासली. बरोबर होती.

अकरा पस्तीसच्या फोटोत पार्टवर पिवळ्या खडूची फुली होती. मी सर्व्हरच्या खोलीच्या काचेतून प्रेसकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी प्रेस चालवणाऱ्या मंजुळाबाईंनी खिशातून पिवळा खडू काढला आणि समोरच्या पार्टवर फुली मारली.

शेवटचा फोटो अकरा सत्तेचाळीसचा होता. त्यात पार्ट नव्हता. डायवर, म्हणजे प्रेसखालच्या साच्यावर, हातमोजा होता, आणि तो रिकामा नव्हता.

"काका, प्रेस थांबवा. आत्ता."

उद्धवरावांनी स्क्रीनकडे पाहिलं. जाऊन मेन स्विच पाडला.

मंजुळाबाईंना मी हाताला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. जालन्याहून आल्यापासून बारा वर्षं त्या याच प्रेसवर होत्या. "काय झालं ओ ताई? माझं काही चुकलं का?"

"नाही. बसा फक्त."

अकरा सत्तेचाळीसला, मेन बंद असताना, प्रेस खाली आली.

एकदाच.

डायवर काही नव्हतं. मी धावत सर्व्हरकडे गेले. यादीत चारच डिस्क होत्या.

बाहेर मंजुळाबाई तशाच बसल्या होत्या.

"उजवा हात लई गार पडलाय," त्या म्हणाल्या.

मी हातमोजा काढला. बोटं पाचही होती, हलत होती. जिवात जीव आला. चोळायला म्हणून मी तळहात वर केला.

बारा वर्षं पत्रा उचललेला तो तळहात मऊ लागला. त्यावर एकही रेषा नव्हती.