वाटेवरच्या माणसाचं ताट

त्या दुपारी मी मुळा चिरत बसले होते. होक्काइदोच्या या धुमसत्या डोंगरांच्या माथ्यावर चालणाऱ्यांसाठी आमचा लाकडी थांबा आहे; मी आणि नवरा तोकुजी, दोघंच चालवतो. शिगेनोबाई यायच्या होत्या.

सत्तरी ओलांडलेली बाई. दरसाल अख्खी डोंगररांग एकटी चालायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. राखेच्या उतारावर तरणे गडी बसून घसरतात, ही ताठ उतरायची. असली दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

मग धुकं उतरलं. दारातून गंधकाचा वास आत आला. वाटेत एक खळगी आहे. वारा पडला की तिथे विषारी वायू साचतो, आणि तिथे टेकलेला माणूस उठत नाही. वारा पडलाच होता.

आमच्यात वाटेवरच्या माणसाचं ताट मागे वाढून ठेवतात. भात, आणि झाकणाच्या वाडग्यात मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, कढण. झाकणाला आतून थेंब धरले, की माणूस सुखरूप. मी ताट वाढलं. जरा वेळाने झाकण उचललं.

कोरडं.

कढण निवलं असेल म्हणून उकळतं ओतलं. वाफा निघत होत्या. झाकण पुन्हा कोरडं.

तोकुजी म्हणाला, ताट उचल, उदबत्ती लाव. मी म्हटलं, तुझ्या मिशीला लावते. आणि बाहेर जाऊन धुक्यात वाट दाखवायला टांगलेली घंटा बडवत राहिले, हात सोलवटेपर्यंत.

दिवस मावळता त्या आल्या. ताठ. तीच चाल. मला रडू फुटायला लागलं, म्हणून मी खेकसले, "मेलात वाटलं आम्हाला."

"बसले होते जरा... खळगीत," त्या म्हणाल्या. "तुझी घंटा ऐकली. म्हटलं, अजून चालायचं राहिलंय..."

त्यांनी ते ताट चाटूनपुसून संपवलं. गारठ्यात आम्हा दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. त्यांच्या नव्हती. पहाटे त्या पुढे गेल्या.

उजाडल्यावर तोकुजी गॅसचा मुखवटा बांधून खळगीत उतरला. शिगेनोबाई तिथेच बसलेल्या होत्या, पाठ ताठ. आम्ही त्यांना खाली गावात पोचवलं, अग्नी दिला, राख त्यांच्या भाचीच्या हातात दिली.

परत आलो तर वायरलेसवर शेवटच्या थांब्यावरची हारुए. म्हणाली, तुमची म्हातारी पोचली गं, दोन वाडगे कढण प्याली, काय पाय आहेत बाईचे.

"आता कुठेयत?" मी विचारलं.

"निघाल्या की... तुमच्याकडेच. या वर्षी परतीचंही चालायचंय म्हणाल्या."

तोकुजी म्हणतो, दाराला अडसर घाल. एवढं चालून येणाऱ्या बाईला मी दार लावणार नाही. कढण चढवलंय. मघापासून गंधकाचा वास वाढतोय, आणि वारा तर आज इथून खळगीकडे वाहतोय.