कॉफीचं यंत्र आणि तीन पांढऱ्या शाली

यंत्राने दाणे दळले, दळलेली पूड आपली आपणच दाबली, वाफेचा एक उसासा सोडला, कपात काळी धार सुरू झाली... आणि वीज गेली.

"झालं!" फेवेन म्हणाली. "एवढी शहाणी बाई आणि ऐन वेळी मूर्च्छा."

दुकानाच्या काउंटरमागचा उंच मुलगा हसला. त्याने अर्धा भरलेला कप उचलला, नाकाशी नेला आणि तिच्यापुढे ठेवला. "अर्धी तर अर्धी. तुमच्या नशिबाची आहे."

"मी अर्ध्यावर नाही भागवत."

"मग वीज येईपर्यंत थांबा. आमच्या बोले भागात वीज आणि नवरामुलगा, दोघेही येतो म्हणून सांगतात खरं..."

फेवेनला हसू आलं आणि लगेच स्वतःचा रागही आला. कारण नवरामुलगा खरोखरच येणार होता. म्हणजे तो नाही, त्याची वडीलधारी माणसं. पुढच्या रविवारी दुपारच्या आत तीन म्हातारे तिच्या घरी उभे राहणार होते. नवरामुलगा नाहोम दूर अमेरिकेत, डॅलसला, गेली अकरा वर्षं. वर्षभर फोनवर बोलणं झालं, दोनदा भेट झाली. मुलगा चांगला, घराणं चांगलं, आई खूश. इथे अदिस अबाबात त्याने नवं घर घेतलं होतं आणि त्याने फेवेनला एकच काम सांगितलं होतं: कॉफीचं यंत्र निवड. सगळ्यात भारी. सगळं आपलं आपण करणारं. फोनवरून चालू होणारं. "तू उठायच्या आत मी इथून तुझी कॉफी लावीन," असं तो म्हणाला होता. ऐकताना बरं वाटलं होतं. नंतर रात्रभर तिला झोप लागली नव्हती, आणि का ते कळतही नव्हतं.

वीस मिनिटांनी वीज आली. मुलाचं नाव इयोब. त्याने यंत्राची सगळी करामत दाखवली. पाणी दोन ठिकाणी वेगवेगळं तापतं, दूध आपोआप फेसाळतं, नळ्या स्वतःच्या स्वतः धुऊन निघतात.

"दुधाचं दाखवा ना," फेवेन म्हणाली.

"आज बुधवार आहे."

बुधवारी चर्चचा उपास. दूध वर्ज्य. फेवेनने कपाळावर हात मारला.

"फेस दाखवू शकतो," इयोब म्हणाला, "पण चव कोण घेणार? मी उपास मोडणाऱ्यातला नाही, आणि तुम्ही... तुमच्या आईला कळलं तर?"

"तुम्हाला काय माहीत माझी आई कशी आहे?"

"सगळ्यांची तशीच असते. उद्या या."

ती गुरुवारी गेली. एकतीस वर्षांची बाई, छापखान्यात पुस्तकांची मुखपृष्ठं करणारी, चार माणसांत शहाणी समजली जाणारी; आणि केस तीनदा बांधून तीनदा सोडून मग घराबाहेर पडली. यंत्र बघायला कुणी केस बांधतं का?

दुकानाच्या मागच्या खोलीत इयोबचे मामा बसलेले असत; सगळे त्यांना आदराने गाशे म्हणत. गाशे बेलाचू. शहरातल्या जुन्या कॅफेंतली अवजड यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. या नव्या बटणवाल्यांवर त्यांचा भारी राग. "त्यांना कान नाहीत," ते फेवेनला म्हणाले. "जुनं यंत्र बिघडायच्या आधी कण्हतं. हे नुसतं पडद्यावर लिहून दाखवतं. बायको भांडली तर बरं, पोरी, चिठ्ठी लिहून गेली तर काय करशील?"

"मामा, गिऱ्हाईक पळवू नका," इयोब ओरडला.

"हिला बघून वाटतं का ही पळेल? रोजच येते!"

फेवेनचे कान तापले. दोनच दिवस झाले होते, रोज कुठे!

शुक्रवारी पुन्हा उपास, म्हणून शनिवारी. शनिवारी तिसरं मॉडेल, आणि सोमवारी पहिलंच पुन्हा, कारण त्याचा आवाज फार मोठा होता का ते तिला आठवेना. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. बाहेर जानेवारीचं कोरडं ऊन, रस्त्यावर धूळ, आणि आत दोघांच्या मध्ये एक चकचकीत पोलादी डबा. त्यात दोघांचे चेहरे वाकडेतिकडे दिसायचे आणि ती त्याच्याकडे सरळ न बघता त्या डब्यातच बघत बसायची.

गुरुवारी त्याने यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. "यात घरातल्या माणसांची नावं घालता येतात. ज्याला जशी लागते तशी. पहिलं बटण तुझं. कडक, दूध थोडं, साखर नाही. बरोबर?"

"तुला कसं माहीत?"

"सात कप करून घातलेत तुला. दुसरं बटण?"

"नाहोम," ती म्हणाली. हे नाव तिने इथे पहिल्यांदाच घेतलं.

इयोबची बोटं क्षणभर थबकली. मग त्याने शांतपणे नाव टाकलं. "कशी घेतो तो?"

वर्षभराचं बोलणं, आणि फेवेनला माहीत नव्हतं! कडक की पातळ, साखर किती, दूध चालतं की नाही... काही म्हणजे काही नाही. हा समोरचा मात्र दीड चमचा साखर घालतो, ढवळत नाही, तळाला राहिलेली साखर शेवटी बोटाने चाटतो आणि कुणी बघितलं नाही ना ते बघतो, हे तिला इत्थंभूत ठाऊक होतं.

तिने तिथूनच नाहोमला निरोप पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: 'यंत्रात जी आधीच ठरलेली असते तीच ठेव.'

शनिवारी ती यंत्र ठरवायला गेली. आता टाळाटाळीला जागा नव्हती. कागद झाले, सही झाली.

"नवं घर उघडेपर्यंत तुझ्याच घरी लावायचं ना? उद्या आणून देतो," इयोब म्हणाला. "सकाळी लवकर."

"उद्या... उद्या नाहोमकडचे वडीलधारे येणार आहेत, इयोब. मला मागायला."

त्याने सही झालेले कागद नीट जुळवले. मग म्हणाला, "त्यांच्या आधी आणून ठेवतो."

"एवढंच?"

"मग काय बोलू? यंत्र चांगलं आहे, फेवेन. एक नंबर आहे. माझंच डोकं ठिकाणावर नाही. दुसऱ्याच्या घरची कॉफी आहे, आणि मी दहा दिवस ती तुझ्या आवडीची करत बसलो."

बोल, बोल, फेवेन मनात म्हणत होती. पण तो वळला आणि खोकं बांधायला लागला, आणि तीही दुकानाचा जिना उतरून निघून आली. आपण का गप्प राहिलो, म्हणून रस्ताभर स्वतःला शिव्या देत.

रविवार उजाडला. आईने जमिनीवर हिरवं गवत पसरलं, ऊद जाळला. वडील पहाटेपासून अंगणात येरझाऱ्या घालत भाषण पाठ करत होते. रीत अशी की मुलीला मागायला आलेली वडीलधारी माणसं उभीच राहतात. बसा म्हटलं तरी बसत नाहीत, शब्द मिळेपर्यंत पाण्याला शिवत नाहीत. आणि फेवेनच्या वडिलांना म्हाताऱ्या माणसांना उभं ठेवायचं म्हणजे मरणप्राय! नाहोमची माणसं दूरच्या दस्से शहराहून येणार होती. या घरातल्या कुणीच त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

फाटक वाजलं. तीन म्हातारे आत आले, तिघांच्याही अंगावर चर्चला जाताना घ्यायची पांढरी शाल, हातात काठी.

फेवेन स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने वाकून बघितलं. पहिले होते गाशे बेलाचू! सोबतीला त्यांचे दोन चर्चमधले स्नेही. चर्चमधून घरी सोडतो म्हणून इयोबने तिघांना गाडीत घेतलं असणार. यंत्र कुठे बसवायचं, वीज-पाणी कसं आहे, ते बघायला मामा पुढे आले होते, आणि गाडीत एकटं कोण बसणार म्हणून बाकीचे दोघे मागोमाग.

"बसा, बसा ना," वडील म्हणाले.

"नाही नाही," गाशे बेलाचू म्हणाले. कामाआधी बसणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. "बसायला नाही आलो. फेवेनचं घर हेच ना? त्या कामासाठी..."

वडिलांचं पाठ केलेलं भाषण भुर्रकन उडून गेलं. तीन पिकली माणसं गवतावर उभी, त्यातल्या एकाचे गुडघे थरथरतायत. त्यांना राहवेना.

"दिली!" वडील ओरडले. "मुलगी दिली तुम्हाला! आता कृपा करून बसा!"

आईने जीभ हलवून आनंदाची आरोळी ठोकली. इलिलिलिली! शेजारच्या भिंतीपलीकडून दुसरीने साथ दिली. वडिलांनी तिघांना धरून बाकावर बसवलंच. गाशे बेलाचूंचा आ वासलेला. त्यांनी मान वळवून फेवेनकडे पाहिलं.

वडिलांना सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. 'अबाये, ही यंत्रवाली माणसं आहेत.' बस्स. फेवेनने तोंड उघडलं... आणि मिटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला पळून जावंसं वाटत नव्हतं.

एवढ्यात खांद्यावर भलंमोठं खोकं घेऊन इयोब फाटकातून आत आला. "मामा, कुठे ठेवू?"

आईची आरोळी अर्ध्यावर थांबली. वडिलांनी खोक्यावरचं चित्र बघितलं, मग तिघांकडे, मग मुलीकडे. "फेवेन. हे कोण?"

"यंत्र बसवणारे, अबाये."

"आणि तू बघत उभी राहिलीस? बोलली का नाहीस?"

"कारण तुम्ही बरोबर माणसांना हो म्हणालात."

इयोब खांद्यावरच्या ओझ्यासकट जागच्या जागी थिजला.

"ठेव ते खाली," मामा त्याला म्हणाले. "तुझं लग्न ठरलं. तू उशिरा आलास."

आणि तेवढ्यात रस्त्यावर दुसरी गाडी थांबली. दस्सेचे तिघे फाटकातून आत आले. तशाच पांढऱ्या शाली, तशाच काठ्या. ते उभे राहिले. लाजेने मामाही उठले, त्यांच्यामागे त्यांचे स्नेही उठले. आता सहा म्हातारे उभे, आणि एकही बसेना.

"मला दहा मिनिटं द्या," फेवेन म्हणाली आणि फोन घेऊन परसात गेली. नाहोमला हे म्हाताऱ्यांकडून कळायला नको होतं. तिकडे मध्यरात्र उलटलेली. त्याने झोपेतच फोन घेतला. तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मी वाईट वागले. वर्षभर मी तुला एकदाही विचारलं नाही की तुला कॉफी कशी लागते."

पलीकडे दिवा लावल्याचा खट्ट आवाज आला.

"मी कॉफी पीतच नाही, फेवेन," नाहोम म्हणाला. "पित्त होतं. तुला आवडेल म्हणून घेत होतो."

फेवेनला रडू फुटलं. मग तोच म्हणाला, "मीही कुठे विचारलं तुला? त्या म्हाताऱ्यांना मी फोन करतो. पण जेवल्याशिवाय पाठवू नका, लांबून आलेत."

ती डोळे पुसत अंगणात आली. इयोब खोक्याशेजारी उभा होता, हातांचं काय करावं हे न कळून ते पँटला पुसत.

"हे परत घेऊन जावं लागेल," ती म्हणाली.

"नेईन."

"आणि अबायेंनी जे दिलं-घेतलं ते सोड. ते चुकून झालं. तू हो म्हटलंच पाहिजेस असं काही नाही. पण..." तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मी विचारतेय. म्हातारे नाहीत, मी. माझ्याशी लग्न करशील? मला तू हवा आहेस, इयोब. केव्हापासून हवा आहेस."

"काल जिन्यातून हाक मारायला आलो होतो मी," तो म्हणाला. "तू रिक्षात बसली होतीस."

"हे उत्तर झालं?"

"हो," इयोब म्हणाला. "हो, हो, हो."

त्याने तिचा हात धरला, सगळ्यांदेखत, आणि मग ती दोघं त्या सहा म्हाताऱ्यांना हात जोडून खाली बसवायला गेली.