चष्म्यातलं हृदय

शाळा सुटली तरी ती प्रयोगशाळेत थांबली होती. उद्या नववीला हृदय शिकवायचं होतं, तेही नव्या व्हीआर चष्म्यातून. चष्मा एकच. एकानं तो घालून हृदयात फिरायचं, बाकीच्यांनी तेच भिंतीवरच्या पडद्यावर बघायचं. बाळंतपणाची रजा संपवून आलेल्या बाईनं निदान मुलांसमोर धडपडू नये, एवढीच तिची माफक अपेक्षा होती.

अर्धं लक्ष घरी होतं. तिची तान्ही लेक ढब्बू नावापुरतीच ढब्बू होती. दोन घोट प्यायली की दमायची, कपाळ घामानं डबडबायचं. "पहिलटकरणीला असंच वाटतं," सासूबाई म्हणायच्या. डॉक्टरही म्हणाले होते, वाढेल वजन हळूहळू. दिवसभर शरीर शिकवणाऱ्या बाईला घरी जिथे तिथे रोग दिसणारच, हे तिलाही पटलं होतं. जवळजवळ.

तिनं चष्मा चढवला. खोली गेली. तांबूस अंधार, आणि चहूकडून संथ, जड ठोके. ती हळूहळू खालच्या कप्प्यात उतरली. तिथे ठोक्यांची लय बिघडली. कुणीतरी धापा टाकत असावं तशी. आणि दर ठोक्यामागे एक बारीक आवाज, दाराच्या फटीतून वारा घुसावा तसा... फुस्स... फुस्स...

ती आवाजाकडे वळली. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक होतं. त्याच्या कडा थरथरत होत्या. मग वास आला. चष्म्याला कुठला वास? पण हा होता. बाळाच्या मानेच्या वळीत साचून आंबलेल्या दुधाचा.

"सर..." तिनं पडद्यासमोर बसलेल्या संगणकाच्या सरांना हाक मारली. "हे भोक मुद्दाम ठेवलंय का?"

"कुठलं भोक? भिंत तर धडधाकट दिसतेय. बाई, झोप झाली नाही वाटतं."

तिनं चष्मा काढला. पडद्यावर अखंड भिंत. पुन्हा घातला. फुस्स...

घरी जाऊन तिनं चष्म्यात दिसलेलं सांगितलं आणि ढब्बूला दुपट्यात गुंडाळलं. चपला घालता घालता सासूबाई पुटपुटल्या, "आता यंत्रंही घाबरवायला लागली का तुला?"

"हो," ती म्हणाली. "चला."

दवाखान्यात एरवी ती डॉक्टरांचा वेळ घेतल्याबद्दल दोनदा माफी मागायची. आज अडून बसली. "हृदयाची तपासणी केल्याशिवाय मी उठणार नाही." डॉक्टरांनी हसत छातीला नळी लावली. मग ते हसायचे थांबले. बराच वेळ ऐकत राहिले.

"मागच्या खेपेला हा आवाज नव्हता," ते हळूच म्हणाले.

यंत्राच्या पडद्यावर भोक दिसलं. तिनं ते न बघताही बोट ठेवून दाखवलं असतं.

शस्त्रक्रिया झाली. आणि ढब्बू प्यायला लागली, कशी, तर पुढचं-मागचं सगळं वसूल केल्यासारखी. गाल आले, मांड्यांना वळ्या आल्या, रडणं तिसऱ्या घरापर्यंत जायला लागलं. सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईच्या नजरेतून काही सुटत नाही हो." ती मान ताठ ठेवून ऐकून घ्यायची. इतकी वर्षं स्वतःवर घेतलेल्या शंका तिनं जणू बोचक्यात बांधून टाकल्या होत्या.

नववीचा राहिलेला तास तिनं थाटात घेतला. चष्म्यातली भिंत आता अखंड होती. नीट पाहिलं तर एक बारीक रेघ, शिवणीसारखी. ती तिनं कुणाला सांगितली नाही. एकेक मूल हृदयात जाऊन आलं, वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला.

"बाई, आता मला जाऊ द्या," मागे उभे असलेले हेडसर म्हणाले. मुलांनी जल्लोष केला. त्यांनी चष्मा चढवला. पडद्यावर हृदय दणदणत होतं आणि अख्खा वर्ग एका सुरात ठोके मोजत होता.

"झकास आहे हो," हेडसर म्हणाले. "पण किती शांत... हे सुरू कधी करणार?"

तिनं हसतच त्यांचं मनगट धरलं. आधी एक बोट, मग तीन. मग मनगटाच्या दुसऱ्या बाजूला. मुलं मोजत होती. हेडसर मान वळवून कौतुकानं आत बघत होते, आणि ती नाडी शोधत राहिली.