पोमपोलितची केबिन

मोडीत निघालेलं जहाज भंगारात जाण्याआधी शेवटचं नीट बघायचं, हे दिलीप पत्कींचं काम. अ‍ॅस्बेस्टॉस कुठे भरलंय, पारा कुठल्या उपकरणात आहे, टाकीत तेलाचा गाळ किती, सगळ्याची यादी करायची. सिंगापुरात यिशुनच्या घरून लाल लाइनची एमआरटी, म्हणजे मेट्रो, धरायची, शेवटच्या स्टेशनला, मरिना साउथ पियरला उतरायचं आणि लाँचने अँकरेजवर, जहाजं नांगरून उभी असतात तिथे, जायचं. एकोणीस वर्षं हा क्रम चालला होता. ‘दिसलं ते लिहायचं, नाही दिसलं ते लिहायचं नाही’ असं ते नव्यांना सांगत.

त्या सोमवारी जे जहाज आलं होतं ते मेंढ्या वाहायचं. शेवटचा कळप उतरून महिना झाला होता, तरी लाँच अर्ध्या मैलावर असतानाच लेंड्यांचा वास आला. जहाजाचं आताचं नाव सातवं की आठवं होतं. पत्कींनी सवयीने जहाजाच्या पुढच्या टोकाकडे पाहिलं. रंगाच्या थरांखाली वेल्डिंगने उठवलेली जुनी अक्षरं फुगून दिसत होती. ती रशियन होती. जहाजाचं पहिलं नाव: कपितान लोबाच.

 ती लिपी पत्की विसरले नव्हते. सोव्हिएत युनियनच्या शिष्यवृत्तीवर १९८२ साली ते ओडेसाला शिकायला गेले, तेव्हा हा देश जगाला पुरून उरेल असं सगळे म्हणत. पहिला माणूस अंतराळात पाठवणारा देश. त्याची जहाजं क्युबापासून व्हिएतनामपर्यंत सगळीकडे. सहा वर्षांनी पत्की परतले तेव्हा साबणासाठी रांगा लागत होत्या. आणखी तीन वर्षांत देशच राहिला नाही.

“तुम्हाला हे वाचता येतं?” शिडीवर हात देताना कॅप्टनने विचारलं. को मिन नावाचा पन्नाशीचा बर्मी माणूस होता.

“नाही,” पत्की म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही.

कॅप्टनच्या केबिनशेजारी एक दार होतं. पितळी पाटी घासून काढलेली, पण अक्षरांची सावली उरली होती. पत्कींनी ओळखलं. सोव्हिएत जहाजावर कॅप्टनखालोखाल एक पक्षाचा माणूस असे. त्याला इंजिन कळायचं नाही, नकाशा कळायचा नाही. कोण काय बोलतो, बंदरात उतरून कोणाला भेटतो, एवढंच तो बघायचा. त्याला पोमपोलित म्हणत.

“ही खोली बंद असते,” को मिन म्हणाला. “मी चार वर्षं आहे इथे. किल्ली नाही.”

पत्कींनी मूठ फिरवली. दार उघडलं.

को मिनने एकदा दाराकडे, एकदा पत्कींकडे पाहिलं. “मी खाली आहे,” म्हणून तो निघून गेला.

आत मेंढ्यांचा वास नव्हता. धूळ नव्हती. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला बंद कपाट. पत्कींनी छताच्या पत्र्यामागचा नमुना काढला, पिशवीत घालून चिठ्ठी चिकटवली. मग टेबलाकडे पाहिलं. पुठ्ठ्याची एक फाइल होती, नाडीने बांधलेली. वर छापलं होतं: ‘प्रकरण’.

पहिलं पान १९८१चं होतं. जांभळी शाई, बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. सिंगापूरमध्ये नाविक तिघातिघांच्या गटाने उतरले. कोणी जीन्स घेतली, कोणी दोन घेतल्या. १९८३: शेजारी चिनी जहाज नांगरलं, हात हलवायला मनाई केली होती, दोघांनी हलवला, नावं पुढे. १९८६: अमेरिकन युद्धनौका जवळून गेली, तिसरा इंजिनिअर तिच्याकडे ‘कौतुकाने’ बघत होता. मग २५ डिसेंबर १९९१, सिंगापूर अँकरेज: ध्वज उतरवला. रडले: चौघे. हसला: स्वयंपाकी.

इथे ही फाइल संपायला हवी होती. जिच्यासाठी लिहायची ती सत्ताच संपली होती. पण पुढचं पान १९९२चं होतं. नंतर ग्रीक मालक आला, सीरियन खलाशी आले, फिलिपिनो आले, मेंढ्या आल्या. कोणी कप्तानाला शिव्या दिल्या, कोण लपून रडलं. अक्षर तेच, भाषा रशियनच.

शेवटच्या पानावर तीनच ओळी होत्या.

‘पत्की, दि. सकाळी ९.४० ला लाँचने आला. छताकडे फार बघतो. रशियन येतं, पण कॅप्टनपासून लपवलं.’

पत्कींनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. त्यांनी बोट टेकवलं तसं शेवटच्या शब्दावरची शाई बोटाला लागली.

संध्याकाळी घरी जेवताना बायकोने, अरुणाने, विचारलं, “कसलं जहाज होतं हो आज?”

“कोरियन,” पत्की म्हणाले.

आमटी वाढता वाढता तिचा हात क्षणभर थांबला. “बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इंजिनरूमचं काम होतं. पत्की आधी वर केबिनमध्ये गेले. फाइलमध्ये नवी नोंद होती. ‘बायकोला जहाज कोरियन आहे असं सांगितलं. तिचा हात थांबला. तिला पटलेलं नाही.’

घरात त्या वेळी दोघंच होती. खिडक्या बंद होत्या, एसी चालू होता. पत्की शांतपणे खुर्चीत बसले आणि शहाण्या माणसासारखा विचार करायचा प्रयत्न करू लागले. भूत ते मानत नव्हते. कोणीतरी सांगतंय. फोन ऐकला जात असेल. कॅप्टन खोटं बोलत असेल. किंवा अरुणा. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांच्या मनात तिचं नाव असं आलं, आणि एकदा आलं ते जाईना. अलीकडे ती गॅलरीत जाऊन फोनवर बोलते. कोणाशी?

त्यांनी युक्ती केली. कॅप्टनला सांगितलं, “माझा भाऊ व्लादिवोस्तोकला असतो.” पाया लेबारच्या ऑफिसात फोन करून मॅनेजर वल्लरीला म्हणाले, “एवढं झालं की मी राजीनामा देतोय, कुणाला बोलू नकोस.” घरी अरुणाला सांगितलं, डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करायला सांगितली आहे. तिघांना तीन खोट्या गोष्टी. फाइलमध्ये जी येईल, तिथून वाट फुटली असं समजायचं. अरुणा ते ऐकून पांढरी पडली, आणि पत्की तिच्या चेहऱ्याकडे एखादा सांधा गळतोय का ते बघावं तसे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी तिन्ही गोष्टी फाइलमध्ये होत्या. ओळीने. प्रत्येकीपुढे एकच शब्द: ‘खोटं’.

म्हणजे सांगणारा या तिघांपैकी नव्हताच.

खाली आणखी एक ओळ होती. ‘एकदा मात्र याने खरं लिहून दिलं आहे. सोबत जोडलं आहे.’

टाचणीने एक पिवळं पान लावलं होतं. पत्कींना ते वाचायची गरज नव्हती. मार्च १९८५, वसतिगृहाच्या कचेरीत, एका गुळगुळीत केसांच्या माणसासमोर बसून त्यांनी ते लिहिलं होतं. खोलीतला सोबती गेनादी रात्री परदेशी रेडिओ ऐकतो, अफगाणिस्तानच्या लढाईवर विनोद सांगतो. तारखेसह. त्या माणसाने म्हटलं होतं, लिहिलंस तर शिष्यवृत्ती राहील. पंधरवड्याने गेनादीचं नाव कॉलेजातून कमी झालं, त्याला सैन्यात घेतलं. अफगाणिस्तानातून तो परत आला नाही. त्याची आई वसतिगृहात आली तेव्हा तिने त्याची गादी पत्कींनाच दिली होती. “तू त्याचा मित्र,” म्हणाली होती.

पत्कींनी पान ओढून घेतलं, घडी करून खिशात घातलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

ते वळले. ते स्वतःच त्या खुर्चीतून नुकतेच उठले होते. खुर्ची टेबलापाशी नीट सरकवलेली होती.

पत्की जिना उतरले. पळाले नाहीत, पण कठड्याला धरून उतरले.

लाँच निम्म्या वाटेवर आल्यावर त्यांनी पान फाडून पाण्यात सोडलं. तुकडे बराच वेळ लाँचबरोबर येत राहिले.

त्या दुपारी ते लवकर घरी आले. अरुणा दाराशीच उभी होती. “मी तुमच्या डॉक्टरांना फोन केला,” ती म्हणाली. “त्यांनी काहीही सांगितलेलं नाही. कालपासून तुम्ही माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघताय. रात्री माझा फोन हातात घेतलात. काय झालंय? मी काय केलंय?”

“तू गॅलरीत कोणाशी बोलतेस?”

“आपल्या अनुजाशी! तिचा तिसऱ्यांदा गर्भ पडला. तुम्हाला ऐकवत नाही म्हणून बाहेर जाऊन बोलते.” ती रडायला लागली. “लेकीवर संशय, माझ्यावर संशय.”

मग पत्कींनी सांगितलं. जहाजाचं नाही, गेनादीचं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, खाली ब्लॉकच्या आवारात पोरं सायकली हाणत असताना, भर उन्हाच्या वेळी. अरुणा ऐकत राहिली.

“किती लिहिलंत?” तिने शेवटी विचारलं.

“एक पान.”

“एकच?”

“एकच गं.”

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात तिथे किती वेळ होता हे पत्कींना नंतर आठवेना. पण मन हलकं झालं होतं. शुक्रवारी त्यांनी अहवाल पूर्ण करून ऑफिसात नेऊन ठेवला. केबिनसमोर लिहिलं: ‘छतात अ‍ॅस्बेस्टॉस. बाकी रिकामी.’ शनिवारी जहाज तोडणीसाठी चित्तगावच्या वाटेला लागलं. पत्कींना त्या रात्री गाढ झोप लागली. सकाळी बोटं आखडली होती एवढंच, फार वेळ हातोडी धरल्यासारखी. पुढचे काही दिवस ती रोजच आखडत. वय झालं, असं ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी दुपारी वल्लरीचा फोन आला.

“सर, तुमचं ते रशियन पाकीट पोचलं बरं का.”

“कुठलं पाकीट?”

“असं काय करता? अहवालानंतर आठवड्याने माझ्या टेबलावर तुम्हीच आणून ठेवलं होतंत ना, जाडजूड, नाडीने बांधलेलं. अक्षर तुमचंच. मला त्यातलं एकच वाचता आलं, वर फाइलीच्या नावाच्या जागी इंग्रजीत अरुणाकाकूंचं पूर्ण नाव होतं तेवढं. आणि पत्ता, लेनिनग्राद. कुरियरवाला म्हणाला, मॅडम, या नावाचं शहरच नाही आता. मी म्हटलं, पाठव तर खरं.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. 

“सर? ऐकताय ना? त्यांच्याकडून उलट टपाली काहीतरी आलंय. सॉरी, मी उघडलं. पत्रबित्र काही नाहीये. नुसते कोरे कागद आहेत, रेघा मारलेले. चांगले पाचशे तरी असतील.”